वाघ वाढले, गिधाडे गेली

मार्च महिना अर्ध्यावर आला, की आमच्या वर्गातली मागची दोन बाकं रिकामी दिसू लागतात. हजेरीपट उघडायची गरज पडत नाही. मोह गळायला लागला, एवढं त्यावरून कळतं. पहाटे झाडाखाली पडलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर ढोरं आणि हरणं खाऊन टाकतात. घरातली सगळी माणसं वेचायला लागतात, मुलंसुद्धा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे शिक्षकी केलेल्या कुणालाही हे नवं नाही.

एका वर्षी आम्ही सहावीच्या मुलांना ‘वाघ’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका मुलाने सुंदर अक्षरात लिहिलं, की वाघ आमच्या जिल्ह्याची शान आहे, देशोदेशीचे लोक त्याला बघायला येतात, आम्हीही मामूंच्या गाडीतून मोहर्लीला गेलो होतो. जंगलाला लागून असलेल्या गावातून येणाऱ्या एका मुलीने पाचच ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी होती, की वाघ आहे म्हणून माय उजेडल्याशिवाय मोह वेचायला जात नाही आणि उशिरा गेलं की मोह उरत नाही. आम्ही त्या मुलाला आठ गुण दिले आणि तिला सात. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, ओळीही कमी होत्या. पण तो एक गुण आम्हाला अजून टोचतो. दोघांनीही खरंच लिहिलं होतं, आणि तिने जास्त खरं लिहिलं होतं.

(जाता जाता एक शिक्षकी गोष्ट. उर्दू घरातली मुलं वाघालाही ‘शेर’ म्हणतात आणि सिंहालाही. त्यामुळे ताडोब्यात शेर आहे असं ती पेपरात बिनधास्त लिहितात आणि मराठीचे तपासनीस चूक काढतात. चूक भाषेची आहे, पोरांची नाही.)

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. अंधारी अभयारण्य १९८६ चं. दोन्ही मिळून १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आमच्या लहानपणी ताडोब्याला जाऊन वाघ दिसणं हे नशिबाचं काम होतं. लोक जायचे, तळं बघायचे, मगर दिसली तर दिसली, आणि डबा खाऊन परत यायचे. २००६ मध्ये कॅमेऱ्यांच्या मदतीने देशभर मोजणी झाली, तेव्हा भारतात १,४११ वाघ असल्याचा अंदाज आला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला १०३ आले. २०२२ च्या मोजणीत देशाचा आकडा ३,६८२ वर गेला आणि महाराष्ट्राचा ४४४ वर. सोळा वर्षांत राज्यात चौपट. यातला फार मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यातला आहे.

हे आपोआप झालेलं नाही. शिकारीवर वचक बसला, पाणवठे झाले, नवेगाव, जामणी यांसारखी गावं गाभा क्षेत्रातून बाहेर आणली गेली, तिथे गवत वाढलं, चितळ-सांबर वाढले. खायला मिळालं तशी वाघिणीची पिल्लं जगू लागली. पण पिल्लू दोन वर्षांचं झालं, की आईजवळ राहत नाही. त्याला आपला इलाखा लागतो. ताडोब्यात जागा भरलेली, म्हणून तरणे वाघ बाहेर पडतात आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली या पट्ट्यातल्या जंगलात ठाण मांडतात. तिथे जंगल आहे, पण सलग नाही. मध्ये धानाच्या बांध्या आहेत, मामा तलाव आहेत, गावं आहेत. त्याही पुढे वैनगंगा ओलांडून वाघ गडचिरोलीच्या देसाईगंज-वडसा भागात पोचले. तिथे मधल्या काळात वाघ जवळजवळ विस्मरणात गेला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात तर छत्तीसगडकडून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. ज्या गावांत हत्ती फक्त पुस्तकात होता, तिथे उभा धान तुडवला जाऊ लागला.

जंगल परत आलं, हे खरं. ते कुणाच्या अंगणात आलं, हेही बघायला हवं.

२०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात पन्नासच्या आसपास माणसं गेली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच ठिकाणी वाघाने मारलं. त्या महिन्यात जिल्ह्यात दहाहून अधिक माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावली. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधून फडीवर द्यायचे आणि पुड्यामागे पैसे मिळतात. या पैशांतून बी-बियाणं येतं, मुलांचे शाळेचे कपडे येतात. म्हणून जंगलात जाऊ नका हे सांगणं सोपं आहे. आम्ही स्वतः वर्गात ते सांगितलं आहे. मग एका पोराने विचारलं, “सर, मग खाचं काय?” आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मोह काय किंवा तेंदू काय, दोन्ही कामं वाकून किंवा उकिडवं बसून करायची. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळतो. पण झुडपाआड खाली वाकलेलं, हळूहळू सरकणारं शरीर त्याला चार पायांच्या सावजासारखं वाटतं. वेळही तीच असते, पहाटेची, जेव्हा वाघ फिरतीवर असतो. मरणाऱ्यांत बायका, गुराखी आणि सरपणाला गेलेली माणसं जास्त का असतात, त्याचं कारण इथे आहे. सरकार मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देतं. रक्कम लहान नाही. पण त्या घरातल्या लेकरांना वर्गात बघितलं, की आकड्यांवर बोलवत नाही.

माणसं मारणाऱ्या वाघाला मग पकडावं लागतं. वडसा आणि आसपासच्या भागात तेरा माणसं मारणारा ‘सीटी-१’ नावाचा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी बेशुद्ध करून पकडला गेला आणि नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात गेला. असे कितीतरी वाघ-बिबटे आज पिंजऱ्यात आहेत. वाघ पकडला की पेपरात फोटो येतो, गावात सुटकेचा श्वास पडतो आणि तो वाघ आपल्या मनातून जातो. त्याचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही.

त्यातल्या तीन वाघांचं काय झालं, ते मात्र सगळ्या देशाला कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट काही दिवसांच्या अंतराने मेले. ते वाघ माणसांशी झालेल्या संघर्षानंतर चंद्रपूरहून तिथे हलवलेले होते. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत अहवाल आला, बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ हा विषाणू. पिंजऱ्यातल्या वाघापर्यंत पक्ष्यांचा आजार कसा पोचला, याचा पहिला संशय त्यांच्या खाण्यावर, म्हणजे कच्च्या कोंबडीवर गेला.

असं पूर्वीही घडलेलं आहे. थायलंडमधल्या श्रीराचा इथल्या प्राणिसंग्रहालयात २००४ च्या ऑक्टोबरात वाघांना कच्च्या कोंबड्या खाऊ घातल्या गेल्या आणि १४७ वाघ एक तर या आजाराने मेले किंवा साथ आवरण्यासाठी मारावे लागले. भारतात कोंबड्यांमध्ये हा आजार पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. आणि गोरेवाड्याची बातमी शिळी व्हायच्या आत, जानेवारी २०२५ च्या अखेरीस, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्या मरू लागल्या. तिथेही एच५एन१ निघाला. कोंबड्या नष्ट केल्या गेल्या, आसपासची चिकन-अंड्यांची विक्री बंद झाली.

त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यातला चिकनवाला दुकानासमोर हात बांधून बसलेला असायचा. आमची बिरादरी या धंद्यात बरीच आहे, हे वाचकांना सांगायला नको. दिसलो की तो विचारी, “मास्टरसाब, बोलो ना, मुर्गी खाने से होता क्या?” बायका घराघरांत हेच विचारत होत्या. मग आम्ही नीट माहिती घेतली, आणि जी कळली ती इथे देतो, कारण पुढच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

नीट शिजवलेल्या कोंबडीतून आणि पूर्ण उकडलेल्या अंड्यातून हा आजार होत नाही. ७० अंश सेल्सिअसच्या वर विषाणू टिकत नाही, आणि आपला रस्सा तर शंभर अंशांवर उकळत असतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, पिसं काढणाऱ्याला, कच्चं मांस धुणाऱ्याला. म्हणजे दुकानातल्या पोराला आणि घरातल्या बाईला. कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाटा धुतल्याशिवाय त्यावर कांदा-काकडी चिरू नये. हात साबणाने धुवावेत. अंगणातल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर गुपचूप पुरून टाकू नयेत किंवा नाल्यात फेकू नयेत, आणि दवाखान्यात कळवावं. घाबरून उरलेल्या विकायच्या तर अजिबात नाहीत. ज्या गावी साथ आहे तिथे जाऊ नये आणि तिथल्याने बाहेर पडू नये, ही शिकवण प्लेगच्या संदर्भात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा किलोमीटरची बंदी हे त्याचंच सरकारी रूप.

आणि एक गोष्ट, जी आम्हालाही ठाऊक नव्हती. वाघ हा मांजराच्या कुळातला. जे वाघाला झालं, ते घरच्या मांजरालाही होतं. आपल्या घरांत मांजरावर फार जीव असतो. कोंबडी साफ करताना कच्च्या तुकड्यासाठी मांजर पायाशी घोटाळतं आणि आपण टाकतो. ते तुकडे उकळून द्यावेत. एवढंच.

त्याच वेळी शाळेत दुसरी अफवा होती, की दूधही पिऊ नये. ती २०२२ च्या लम्पीपासूनची. गुरांच्या अंगावर गाठी उठणारा तो आजार माणसाला होत नाही. पण कच्चं दूध पिऊ नये हे मात्र खरं. त्याचं कारण लम्पी नव्हे, ब्रुसेलोसिस आहे. हा शेळ्या, गाई-म्हशींकडून माणसाला लागणारा महिनोन्महिने रेंगाळणारा ताप. शेळी व्याली किंवा तिचा गर्भ पडला, तर तो वार हातमोज्यांशिवाय उचलू नये. बकऱ्या पाळणारी जी घरं हे वाचत असतील, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

आता गिधाडांकडे येतो.

आमचे नाना सांगायचे, की त्यांच्या तरुणपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं, की दुपारपर्यंत फक्त हाडं उरत. आकाश काळं व्हायचं. आम्ही स्वतः लहानपणी ताडाच्या झाडावर बसलेली गिधाडं बघून घाबरलो आहोत. मग कधी ती दिसेनाशी झाली, ते कळलंच नाही. वाघ कमी झाला तेव्हा देश जागा झाला, योजना आल्या. गिधाडं गेली तेव्हा कुणी हळहळलंही नाही. दिसायला वाईट पक्षी. उलट ‘गिधाडासारखा टपलेला’ ही आपल्याकडे शिवी आहे.

कारण सापडलं २००४ मध्ये, पाकिस्तानच्या पंजाबात केलेल्या संशोधनातून. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध. ते पोटात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड पंधरा वर्षांत हजारातलं एक उरलं. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

मेलेली ढोरं तशीच पडू लागली. ती खायला कुत्री आली, कुत्र्यांना अन्न मिळालं म्हणून त्यांची संख्या वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज वाढला. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास गाजला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि ज्यांत मुळातच कमी होती, त्यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. रेबीज हे एक कारण, सडलेल्या मांसाने नासलेलं पाणी हे दुसरं. पाच लाख. आपल्या दोन जिल्ह्यांत वाघाने आजवर किती माणसं मारली आणि त्यावर किती मोर्चे निघाले, आणि या पाच लाखांसाठी किती निघाले? आम्ही वाघाच्या हल्ल्यातलं दुःख लहान करत नाही. फक्त आपल्याला भीती कशाची वाटते आणि आपण मरतो कशाने, यात केवढं अंतर आहे ते बघतो.

हे अंतर आमच्याच घरात होतं, हे कबूल करायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याला गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लाने ओरबाडलं. पोटरीवर दोन रेघा, थेंबभर रक्त. आम्ही बीएड झालेले, विज्ञानाचा तास घेणारे, म्हणालो, “पिल्लूच आहे, काही होत नाही.” अम्मीने सवयीने मिरचीची पूड आणि तेल लावलं. रात्री आम्हाला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी जखमेवरची मिरची बघितली आणि आम्हाला जे सुनावलं, ते वर्गातल्या कुठल्याही पोराला आम्ही कधी सुनावलं नसेल. बरोबर होतं त्यांचं.

कुत्रं, मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, कुणीही चावलं किंवा ओरबाडलं आणि रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, शेण, काही लावायचं नाही. बांधायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना, तिथे लस फुकट मिळते. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी ती दंडात कातडीत देतात. पहिला दिवस शून्य धरायचा. रक्त आलेलं असेल तर जखमेत दुसरं एक इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन, तेही विचारून घ्यायचं. दोन डोस झाले, पोरगं बरं दिसतंय, म्हणून पुढचे सोडायचे नाहीत. रेबीज झाल्यावर त्यावर इलाज नाही, झाडफुकीचा नाही आणि मोठ्या हॉस्पिटलातलाही नाही. पाश्चरने पहिल्यांदा १८८५ साली एका मुलाला ही लस दिली. तेव्हापासून आजवर चावा आणि मरण यांच्यामध्ये एवढीच एक भिंत आहे. आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसं ती भिंत ओलांडतात, आणि त्यात मुलं फार असतात.

कुत्र्यांवर दगड मारून हे सुटत नाही. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची गोष्ट आपली मुलं मक्तबमध्ये ऐकतात आणि बाहेर येऊन त्याच कुत्र्याला दगड मारतात. कुत्री वाढतात ती आपण टाकलेल्या अन्नावर. इथे जरा घरातलंच बोलावं लागेल. चिकनच्या दुकानामागची पिसं-आतडी, खाटकाच्या दुकानामागचा कचरा आणि बकरी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाल्याकाठी पडलेल्या पिशव्या. सगळ्यांकडे असं नसतं. बऱ्याच मोहल्ल्यांत खड्डे खणले जातात, नगरपालिकेची गाडी ठरवून बोलावली जाते. पण सगळीकडे नाही. लग्नाच्या हॉलमागचा उकिरडा तर सर्व धर्मांचा सारखाच आहे.

आणि कुत्र्यांमागे बिबट येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या परिसरात एका कामगाराला वाघाने मारलं आणि लागलीच दुर्गापूरला सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने उचललं. हा शहराला लागलेला भाग, जंगल नव्हे. बिबट्याला तिथे काय मिळतं? झुडपांचा आडोसा, मोकाट कुत्री आणि डुकरं. त्याची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यामुळे आसपासच्या वस्तीत वर्षाला हजारभर कुत्र्यांचे चावे टळत असावेत, असं काही संशोधकांनी मांडलं आहे. ज्या आईचं पोर गेलं, तिला हे सांगायची आमची हिंमत नाही. पण जंगलाचा हिशेब असा गुंतागुंतीचा असतो. एक दोरा ओढला की दुसरीकडे गाठ बसते.

दुसरे लहानसहान आजारही आहेत. पावसाळ्यात गवत कापणाऱ्यांना स्क्रब टायफस होतो. उंदरांच्या अंगावर आणि गवतात राहणाऱ्या बारीक माइटच्या चाव्यातून तो येतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची साथच होती. ताप आणि अंगावर सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती दाखवावी. बहुतेक वेळा ती काखेत किंवा कमरेला असते आणि बायका लाजेने सांगत नाहीत. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने काजूच्या बागांत काम करणारी माणसं दगावली. तो गोचिडांमधून येतो. माकड मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, वनखात्याला सांगायचं.

आणि वटवाघळं. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, मग कोरोना आला, तेव्हा आमच्या गावातल्या एका जुन्या झाडावरच्या वटवाघळांना हाकलायला लोक फटाके घेऊन निघाले होते. झाडच तोडू, म्हणत होते. एका म्हाताऱ्या गोंड आजोबांनी अडवलं. म्हणाले, “हे गेले तर मोह कुठून येईल?” आम्हाला वाटलं, काहीतरी जुनी समजूत. नंतर वाचलं, तर खरंच मोहाच्या फुलांचं परागीभवन आणि बियांचा प्रसार यांत वटवाघळांचा मोठा हात आहे. वटवाघळाने उष्टावलेलं फळ खाऊ नये, त्यांच्या ढोलीत हात घालू नये, एवढं सांभाळलं की पुरे. ज्या मोहाच्या पैशांवर आमच्या मागच्या बाकावरच्या मुलीची वही येते, तो मोह त्या वटवाघळांवर उभा आहे.

या भागातल्या लोकांचं जंगलाशी नातं नीट समजून घ्यायचं, तर ताडोबाच्या तळ्याकाठी जावं. तिथे तारू नावाच्या गोंड प्रमुखाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केलं, अशी गोष्ट सांगतात. पौषात तिथे जत्रा भरायची. ताडोबा हे नाव त्याचंच. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने सगळं जंगल ओळखलं जातं, आणि वाघही त्यात राहतो. दोघांपैकी कुणालाही गोष्टीतून हाकललेलं नाही. दुसरीकडे भामरागडजवळ हेमलकशाला, १९७३ पासून चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू माडियांकडून मागून घेतलं आणि त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. त्याच दवाखान्यात अस्वलाने फाडलेली माणसंही शिवली जात होती. शिकार करणाऱ्याला त्यांनी उपदेश केला नाही. त्याला भूक आहे, हे आधी मान्य केलं.

गिधाडांसाठीही आता कुणी काही करतं आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोब्यातल्या बोटेझरीला आणली आणि काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर यंत्र बसवून सोडली. त्यातलं एक उडत उडत थेट तामिळनाडूत पोचलं. काही जगली नाहीत. गुरांचं औषध विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी मेलोक्सिकॅम मागावं, ते गिधाडांना सुरक्षित आहे. आमच्या गावातल्या एका गुरांच्या औषधाच्या दुकानात आम्ही विचारलं, तर मालक म्हणाला, “मास्टरसाब, आजवर कुणी विचारलंच नाही.”

आमचा तो चिकनवाला आता आतडी-पिसांसाठी झाकणाचा ड्रम ठेवतो आणि नगरपालिकेची गाडी येईपर्यंत तो बंद ठेवतो. त्याने हे आमच्या सांगण्यावरून केलं नाही. त्याच्या पोराला कुत्रं चावलं, तेव्हा केलं.

ती पाच ओळींची मुलगी आता आठवीत आहे. परवा पहिला तास संपता संपता आली. हातांना मोहाचा गोड उग्र वास होता. उशीर का झाला, आम्ही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की आता अकरा जणी मिळून जातात, उजेडल्यावर, आणि दोघी डबा वाजवत उभ्या राहतात, बाकीच्या वेचतात. “मग मोह उरतो का?” आम्ही विचारलं. “थोडा उरते, सर,” ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.